मामींचं लाकूड फोडायचं मशीन

जवळा बाजारात माझं वेल्डिंगचं दुकान आहे. पाटीवर ‘फॅब्रिकेशन’ असं लिहिलंय, पण पाटी वाचून कुणी येत नाही, ठिणग्या बघून येतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, गेटं, हळद शिजवायचे कुकर, एकदा तर ऐन वरातीत घोडीची तुटलेली रिकीब. जे येईल ते जोडतो. ज्या मित्रानं त्याच्या दिवाळी अंकासाठी मला लिहायला सांगितलं, त्याला वाटलं होतं, मी हळदीच्या कुकरवर लिहीन. कुकरवर लिहिण्यासारखं पुष्कळ आहे. पण मी लिहिणार आहे ते अशा मशीनवर, जे मी बनवलं आणि आता ज्याच्याजवळ जायला मलाच मनाई आहे.

ते मशीन माझ्या सासूबाईंकडं असतं. सासूला आमच्याकडं मामी म्हणतात. कळमनुरीच्या रस्त्यानं जाताना आतल्या बाजूला एक लहानसं गाव आहे, तिथं त्या एकट्या राहतात. एकट्या म्हणजे एक म्हैस, तीन-चार कोंबड्या आणि अख्खी गल्ली.

मामी जुन्या वळणाच्या. जावयासमोर खाटेवर बसायचं नाही, डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि जावयाशी थेट बोलायचं नाही. लग्नाला वीस वर्षं उलटून गेली तरी त्या माझ्याशी एक शब्द थेट बोललेल्या नव्हत्या. बोलायचं ते माझ्या बायकोमार्फत. ‘सुमे, पाव्हन्यायला इचार, च्या घेतेत का.’ मी तिथंच दोन हातांच्या अंतरावर बसलेला असायचो. सुमन मग माझ्याकडं वळून विचारायची, ‘च्या घेता का?’ मी म्हणायचो, ‘घेतो.’ सुमन आत बघून सांगायची, ‘घेतो म्हनतेत.’ सुमन घरात नसली तर हे काम म्हशीकडं यायचं. ‘का गं चांदे, पाव्हने आज गपच हायेत, त्यायचं डोकं तर दुखत नसंल?’ चांदी रवंथ करत माझ्याकडं बघायची. मग मीही चांदीलाच सांगायचो, की डोकं बराबर आहे.

मामींच्या घरी गॅस आहे. पण तो पाहुण्यांच्या चहापुरता. भाकरी चुलीवर, अंघोळीचं पाणी चुलीवर, म्हशीचं आंबोण चुलीवर. बांधावरच्या बाभळी तोडायच्या, उन्हात वाळवायच्या आणि रोज सकाळी कुऱ्हाडीनं दिवसापुरती लाकडं फोडायची, हा त्यांचा नेम. वाळलेली बाभूळ ज्यानं फोडली नाही त्याला सांगतो, ते लाकूड नसतं, तो अबोला असतो. कुऱ्हाड मारली की टणकन परत येते, आणि गाठ असली तर कुऱ्हाड आत घेते आणि देतच नाही. मी एकदा जावईपणाचा मोठेपणा बाजूला ठेवून फोडायला गेलो. मामी दाराआडून सुमनला म्हणाल्या, ‘पाव्हन्यायला म्हनाव, राहू द्या. लाकूड जितं ऱ्हाऊ द्या न् पाय बी.’

गेल्या वर्षी श्रावणात मामी अंगणातल्या शेवाळावरून घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण मुठीत जोर राहिला नाही. कुऱ्हाड उचलली की फिरायची. शेजारच्या बायका लाकडं फोडून देत होत्या. पण मामींना ते चार दिवसांच्या वर सोसेना. ‘रोज उठून कुनाच्या दारात सरपनासाठी जायचं म्हंजी माझी चूल दुसऱ्याच्या हातात,’ असं त्या चांदीला सांगायच्या.

माझा मेहुणा विलास नांदेडला नोकरीला असतो, तिसऱ्या मजल्यावर. माणूस लाख मोलाचा, आईवर जीव. त्यानं ठरवून टाकलं, की दिवाळी झाली की आईला घेऊन जायचं, म्हैस विकायची आणि घराला कुलूप लावायचं. दिवाळीच्या दिवशी जेवताना मामींनी मला अनारसा वाढायला सुमनला सांगितलंच नाही. वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. वाढायला विसरणारी बाई नव्हे ती. मन थाऱ्यावर नव्हतं.

त्या अनारशाच्या रिकाम्या जागेकडं बघून मी बोलून गेलो, ‘विलास, लाकडाचीच अडचन ना? मी मशीन करून देतो. बटन दाबलं की लाकूड फुटंल.’

विलासनं हातातला घास खाली ठेवला. ‘दाजी, तुमी मागं आईला दळनाचं मशीन दिलं होतं.’

‘मग?’

‘त्याच्यात आता कोंबड्या बसतेत.’

‘ते पीठ जरा जाड पडायचं.’

‘पीठ पडायचंच न्हाई दाजी.’ शेवटी तो म्हणाला, ‘बरं. संक्रांतीला येतो. आईनं एकटीनं, कुनाचा हात न लागता, दिवसाचं सरपन फोडून दाखवलं तर मी पुन्हा नांदेडचं नाव काढनार न्हाई. न्हाईतर गाडी घेऊनच येतो.’

आतून भांडं वाजलं. ‘सुमे,’ मामींचा आवाज आला, ‘पाव्हन्यायला अनारसा वाढला न्हाईस व्हय?’

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागलो. आता धंद्यातली एक गोष्ट सांगतो, म्हणजे पुढची फजिती कळेल. माल खाली करताना ट्रॉली पुढून वर उचलली जाते ना, ती खालच्या जॅकमुळं. तेलाचा दाब दिला की जॅकमधून दांडा बाहेर येतो आणि टनावारी माल उचलतो. मी तसले कितीतरी जॅक बसवलेत. मनात म्हटलं, जो जॅक भरलेली ट्रॉली उचलतो तो बाभळीच्या ओंडक्याला काय ऐकतो! एक जुना जॅक घेतला, लोखंडी गर्डरवर आडवा बसवला, दांड्याच्या टोकाला ट्रकच्या स्प्रिंगच्या पोलादी पाट्याची पाचर जोडली. समोर जाड प्लेट. मधे ओंडका ठेवायचा, ट्रॅक्टरच्या तेलाची नळी जोडायची आणि बघत बसायचं.

पहिला ओंडका फुटला तेव्हा दुकानासमोर गर्दी झाली. मी हात वर करून सगळ्यांना नमस्कार केला. मग दांडा मागं घ्यायला गेलो आणि तो येईना. दाब सोडला तरी येईना. शेजारचे लेथवाले खलीलभाई हात पुसत आले, एक नजर टाकली आणि म्हणाले, ‘भाई, ये जॅक सिरफ जाना जानता. आना नै जानता. ट्रॉली का वजन उसकू वापस लाता. यहाँ कौन बैठेगा उसके सर पे, तुम?’

उभी हयात ट्रॉल्या बनवण्यात गेली आणि ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. ट्रॉलीचा जॅक फक्त ढकलतो. परत येतो तो वरच्या वजनानं. आडवा ठेवल्यावर त्याला परत आणणारं कोणी नाही. पण गर्दीसमोर मागं कसं हटायचं? मी म्हणालो, ते मला ठाऊकच होतं, त्याचंच काम चालू आहे. आणि ट्रॅक्टरच्या ट्यूबच्या रबरी पट्ट्या कापून दांड्याला मागून बांधल्या. दांडा पुढं जाताना रबर ताणायचं, दाब सोडला की रबरानं ओढून घ्यायचं. दोन ओंडक्यांपर्यंत झकास चाललं. तिसऱ्याला पट्टी तुटली आणि खलीलभाईंच्या डोक्यावरून जाऊन पलीकडच्या चहावाल्याच्या पातेल्यात पडली. चहावाल्यानं ती चिमट्यानं बाहेर काढली, बघितली आणि चहा विकायला लागला. खलीलभाई मात्र त्या दिवसापासून माझ्याकडं येताना वाकून यायला लागले.

शेवटी त्यांनीच मार्ग दाखवला. भंगारात निघालेल्या एका लोडरचा सिलिंडर त्यांच्या बघण्यात होता. असल्या सिलिंडरला दोन्ही टोकांकडून तेल जातं. एकीकडून गेलं की दांडा पुढं, दुसरीकडून गेलं की मागं. त्याची आतली रबरं बदलली, दांड्यावरचे ओरखडे खलीलभाईंनी घासून काढले. पाचरही त्यांनीच परत बनवली. माझी पाचर म्हणजे नुसती धार होती. बाभळीत घुसायची आणि अडकायची. त्यांनी पुढं धार ठेवली आणि लगेच मागं पोट दिलं. ‘धार रस्ता दिखाती, पेट काम करता,’ असं म्हणताना त्यांनी माझ्या पोटाकडं काहून बघितलं ते मी विचारलं नाही.

राहिला ट्रॅक्टरचा प्रश्न. मामी काही ट्रॅक्टर चालवणार नव्हत्या. त्यांच्या गोठ्यात कडबा कुट्टीचं मशीन पडून होतं, त्याची मोटार घरच्या साध्या विजेवर चालायची. ती काढली, पट्ट्यानं एका लहान तेलपंपाला जोडली. दांडा गोगलगाईसारखा चालायचा. पण या कामात एक मोठी सोय आहे. घाई नसेल तर लहान मोटारही मोठं लाकूड फोडते. मामींना घाई नव्हती. घाई संक्रांतीला होती.

मार्गशीर्षात मशीन टेम्पोत घालून गावी नेलं. अंगणात उतरवलं, रंग चकाकत होता, मी बाजूला उभा राहिलो. मामींनी दाराआडून ते वरपासून खालपर्यंत बघितलं.

‘सुमे, पाव्हन्यायला इचार, हे उभ्यानं करायचं व्हय?’

मी मोबाईलवर बघितलेल्या परदेशातल्या मशीनसारखं ते कमरेच्या उंचीचं केलं होतं. उभं राहायचं, वाकायला नको, पाठीला आराम. मी सुमनला तसं सांगितलं. मामींनी ते ऐकलं आणि चांदीला म्हणाल्या, ‘आपल्या घरात उभ्यानं कोन काम करतं गं? भाकरी बसून, निवडनं बसून, लाकूड बसून. उभं ऱ्हायला मी काय यस्टीची वाट बघून राहिले?’

मी तिथंच कटर काढला आणि मशीनचे पाय कापले. गुडघ्याच्या खाली आणलं. मामी पाटावर बसल्या, समोर पाचर मागं-पुढं करायची दांडी, आणि तेवढ्यात त्यांच्या डोक्यावरचा पदर पुढं ओघळून मोटारीच्या पट्ट्याच्या अगदी जवळ लोंबायला लागला. पट्टा फिरत असताना पदर त्यात गेला तर माणूस ओढला जातो, आमच्या धंद्यात हे लेकराला बी माहीत.

‘सुमन, मामींना म्हनाव, पदर कमरेला खोचा.’

सुमननं माझ्याकडं डोळे वटारले. जावयासमोर पदर खोचायला सांगतोय मी! मामींचं उत्तर मला न विचारताच कळलं. मामी नांदेडला गेल्या असत्या पण पदर खोचला नसता.

मग मी पट्ट्यालाच पदर घातला. तेलाच्या डब्यांचा पत्रा वाकवून पट्टा आणि चाक सगळं झाकून टाकलं, बोट जाईल एवढीही फट ठेवली नाही. सुमननं ते बघून सांगितलं, ‘आई म्हनते, आता मशीन बी घरंदाज दिसायलंय.’

मग शिकवणी सुरू झाली. हायड्रॉलिक मशीन मध्यस्थामार्फत शिकवायचं म्हणजे काय असतं, ते ज्यानं केलं त्यालाच कळेल. मी म्हणायचो, ‘दांडी पुढं ढकलली की पाचर पुढं जाते, मागं ओढली की मागं, आणि सोडली की जागच्या जागी थांबते.’ सुमन म्हणायची, ‘आई, ढकलायचं, वढायचं, सोडायचं.’ मामी विचारायच्या, ‘न्हाई फुटलं न् आवाज बदलला तर?’ सुमन मला सांगायची, ‘आई म्हनते, आवाज येतो.’ मी म्हणायचो, ‘मोटारीला आवाज येणारच.’ मामी कपाळावर हात मारायच्या आणि तोंड चांदीकडं फिरवून सगळा प्रश्न पहिल्यापासून तिला विचारायच्या. चांदीमार्फत शिकवणी जास्त बराबर झाली, कारण चांदी मधे काही गाळत नव्हती. दोन दिवसांत मामी अशा तयार झाल्या की मोटारीचा सूर जड झाला की गाठ आली हे ओळखून पाचर मागं घ्यायच्या, सुमनला ओंडका फिरवायला सांगायच्या आणि दुसऱ्या बाजूनं घालायच्या. हे मी त्यांना शिकवलं नव्हतं. मला ते येतही नव्हतं.

संक्रांत आली. विलास सकाळीच गाडी घेऊन आला. गाडीची मागची सीट आईच्या सामानासाठी रिकामी ठेवलेली होती. ती बघून मामींनी तिळगूळ त्याच्या हातावर जरा जोरातच ठेवला. सुमननं वाळलेले ओंडके आणून मशीनजवळ रचले. मामी पाटावर बसल्या. विलास खाटेवर. मी मधे, कारण मशीन माझं होतं.

कुनाचा हात न लागता, असं ठरलं होतं. मामींनी पहिला ओंडका डाव्या हातानं लोटत मशीनवर आणला, दांडी ढकलली, कर्रकन आवाज झाला आणि दोन फाडी बाजूला पडल्या. दुसरा तसाच. तिसरा. विलास खाटेवर पुढं सरकला. माझी छाती सदऱ्यात मावेना.

‘बघ विलास,’ मी सुरू झालो, ‘याच्यात काय हाय, तेल दोन्हीकडून जातं. ट्रॉलीच्या जॅकवर कुनी अडानी करायला गेला असता तर...’

चौथा ओंडका जरा वाकडा होता. मामींनी दांडी ढकलली, तो किंचित कलला. विलासकडं तोंड करून बोलता बोलता माझा हात आपसूक पुढं गेला आणि मी ओंडका धरून सरळ करू लागलो. पाचर चालूच होती. मला ती दिसत नव्हती. मी तेव्हा दाबाचं गणित सांगत होतो.

‘आरं येड्या, हात काढ!’

आवाज एवढा मोठा होता की कोंबड्या दळणाच्या मशीनमधून बाहेर आल्या. मी हात ओढला. मामींनी त्याआधीच दांडी सोडलेली होती. पाचर थांबली होती ती ओंडक्यावर जिथं माझी बोटं होती तिथून तसूभर अंतरावर.

मोटार अजून चालूच होती. मामी सरळ माझ्या तोंडाकडं बघत होत्या, पहिल्यांदाच. त्यांचे डोळे घारे आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

‘हात कुठं घालायचा कळत न्हाई व्हय? सवता बनवलं न् सवताच मरायला निघालास! सरक तिकडं. त्या चिंचंखाली जाऊन उभा ऱ्हा.’

मी जाऊन चिंचेखाली उभा राहिलो. मामींनी ओंडका डाव्या मनगटानं ढकलून सरळ केला, फोडला, उरलेले सगळे फोडले, मोटार बंद केली. मोटार बंद झाल्याबरोबर त्यांना काय झालं ते कळलं. पदर पार तोंडावर ओढला आणि ताडकन उठून घरात गेल्या. दार लोटून घेतलं.

विलास हसत होता की रडत होता कळत नव्हतं. डोळे पुसत म्हणाला, ‘दाजी, तुमाला येड्या म्हनली आई!’

‘ऐकलं मी.’

‘माझं काई म्हननं न्हाई आता. आई इथंच ऱ्हाऊ द्या, मशीन बी ऱ्हाऊ द्या. फकस्त तुमी त्याच्याजवळ जाऊ नका.’

हीच ती मनाई. ती आजही लागू आहे.

मामी दुपारपर्यंत बाहेर आल्या नाहीत. जावयाला अरे-तुरे केलं, येडा म्हटलं, बोट दाखवून झाडाखाली उभं केलं, हे त्यांच्या मानानं पाचरीत हात जाण्यापेक्षा कमी नव्हतं. सुमन आत-बाहेर करत होती. ‘आई म्हनते, आता पाव्हने पुन्हा या घराला येत न्हाईत.’ मी सांगितलं, ‘आईला म्हनाव, पाव्हना भुकेला हाय.’ मग आत पुरणाचा वास सुटला.

त्यानंतर मी मशीनमध्ये दोन बदल केले, अर्थात मामींच्या हुकमावरून आणि चिंचेखालून. ओंडका बसायला व्ही आकाराची लोखंडी पन्हळ केली. त्यात लाकूड आपोआप सरळ बसतं, धरायला लागत नाही. आणि एक दांडी होती तिच्या दोन केल्या, दोन हातांना दोन. दोन्ही दाबल्याशिवाय पाचर हलत नाही, म्हणजे तिसरा हात कुणाकडं असेल तरच तो अडकेल. उजव्या मनगटाला जोर पडू नये म्हणून ती दांडी लांब केली आणि वर सायकलच्या हँडलची रबरी मूठ चढवली.

खरं तर माझ्यासारख्यासाठी आणखी एक दांडी पाहिजे, दुसऱ्या माणसाला लांब ठेवणारी. ते काम मामी तोंडानं करतात. कारण त्या संक्रांतीपासून आमच्यात एक रिवाज पडला आहे, कुणी न ठरवता. मोटार चालू असली की मामी माझ्याशी थेट बोलतात. ‘मागं सरका. तिकडून नगं, इकडून या. डोळे हायेत का बटनं?’ मोटार बंद झाली की पदर पुढं, तोंड वळलेलं, आणि ‘सुमे, पाव्हन्यायला म्हनाव...’ यंत्र चालू असताना जिवाचा प्रश्न असतो, तिथं मानपान चालत नाही. यंत्र बंद झालं की मी पुन्हा जावई.

बातमी पसरली तशी गिऱ्हाइकं आली. कनेरगाव नाक्यावरच्या एका ढाबेवाल्यानं तंदूरसाठी मशीन करून घेतलं. त्याला ते कमरेइतकंच उंच पाहिजे होतं. मी म्हटलं, बसून बघा एकदा. त्यानं बसून बघितलं आणि मग उठायला दोन वेटर लागले. त्याला उंच करून दिलं. पण दोन दांड्या मात्र सगळ्यांना. ‘एका हातानं चालतं असं करा की,’ म्हणून कुणी कितीही गळ घातली तरी नाही. का म्हणून विचारलं तर सांगतो, माझ्या सासूबाईंची परवानगी नाही. लोकांना चेष्टा वाटते.

ते पहिलं, फक्त जाणंच जाणणारं मशीन अजून दुकानाच्या मागं पडलंय. खलीलभाई त्यावर टॉवेल वाळत घालतात.

परवा पोळ्याच्या आदल्या दिवशी मशीनसाठी नवीन तेल द्यायला गावी गेलो होतो. सुमन शेजारी गेलेली. मी चिंचेखाली माझ्या जागेवर बसलो होतो. मामी अंगणात आल्या, पदर पुढं. चांदीकडं बघून काहीतरी पुटपुटल्या, थांबल्या. पुन्हा पुटपुटल्या. मग पाटावर जाऊन बसल्या आणि मोटार चालू केली.

पन्हळीत लाकूड नव्हतं. आजूबाजूलाही नव्हतं, दिवसाचं सरपण कधीच फोडून भिंतीला रचून झालं होतं. पाचर जागच्या जागी, पंप नुसताच घुरघुरत होता. मला वाटलं काहीतरी बिघडलं. उठलो.

‘बसा,’ मामी म्हणाल्या. सरळ माझ्याकडं बघून. ‘लई बारीक झालात. दुकानात येळेवर जेवत न्हाई म्हने. सुमी सांगत व्हती. असं करू नका. एवढंच सांगायचं व्हतं.’

मी मान हलवली.

त्यांनी मोटार बंद केली. पदर पुढं ओढला, चांदीकडं वळल्या आणि म्हणाल्या, ‘चांदे, पाव्हन्यायला इचार, च्या घेतेत का.’